मोठे फुटबॉल क्लब आफ्रिकेला जातात, मग नेरूळला का येत नाहीत?

सीवूड्सची_आई

नमस्कार मंडळी. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, आधीच कबूल करते. ऑफसाइड मला अजूनही कपबशा मांडून समजवावा लागतो, आणि कपबशा उचलल्या की मी पुन्हा विसरते. प्रश्न माझा कमी, घरातला जास्त आहे.

आमच्या बाल्कनीतून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात. 2017 च्या ऑक्टोबरात तिथं सतरा वर्षांखालच्या मुलांच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल झाली, स्पेन विरुद्ध माली. लेक तेव्हा आठ वर्षांचा. नवऱ्याने तिकिटं काढली आणि आम्ही तिघं गेलो. मालीचा एक फटका आडव्या दांड्याला लागून रेषेच्या आत पडला होता, पण पंचांनी गोल दिलाच नाही. शेवटी 3-1 ने स्पेन जिंकलं. लेक घरी येईपर्यंत बोलला नाही. त्या दिवशी स्पेनकडून गोल मारणारा फेरान तोरेस पुढे बार्सिलोनाला गेला, हे तो अजून पाहुण्यांना ऐकवतो.

तर मागच्या आठवड्यात त्याला कुठूनशी एक क्लिप सापडली. इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबच्या निळ्या शर्टात वेन रूनी, आणि खाली लिहिलेलं ‘दार-एस-सलाम’. आधी म्हणाला एडिट केलेली असणार. मग म्हणाला, “आई, मामा राहतो तेच ना हे?” तेच, टांझानियातलं. माझा भाऊ तीन वर्षांपासून तिथं आहे आणि दर फोनला ‘या की एकदा’ म्हणतो. आता चिरंजीव हट्टाला पेटलेत: जुलैतच जाऊ, कुठला तरी क्लब येईलच. नवरा म्हणतो, ‘येईलच’वर मी विमानाची तिकिटं काढत नसतो.

तर विचारायचं असं की हे मोठे क्लब आफ्रिकेत जातात कशाला? नियमाने जातात की मनात येईल तेव्हा? आणि एवढं मोठं स्टेडियम आमच्या दारात उभं असताना इथं का येत नाहीत? लेकाचं म्हणणं, आपल्याकडे कुणाला फुटबॉल आवडत नाही म्हणून. मला ते पटत नाही. रविवारी सकाळी इथल्या टर्फवर तासासाठी भांडणं होतात.

---

उथळसर_बाबू

जुलैत? नेरूळला? ताई, रेनकोट घालून कॉर्नर मारणार का ते?

---

दारेसलाम_रिटर्न (ऐरोली)

ताई, चिरंजिवांना सांगा, क्लिप शंभर टक्के खरी आहे. मी तिथं होतो. गुरुवार, 13 जुलै 2017.

मी पंपांच्या सर्व्हिसिंगचं काम करायचो, 2014 ते 2018 दारमध्येच. (तिथं राहणारं कुणी दार-एस-सलाम असं अख्खं म्हणत नाही, नुसतं ‘दार’.) ऑफिस न्येरेरे रोडला, स्टेडियम टेमेके भागात, म्हणजे तसं जवळ. साहेबांना दाताचं कारण सांगून अर्धी सुट्टी काढली. दुसऱ्या दिवशी साहेबच म्हणाले, दात फार लवकर बरा झाला. तेही आले होते म्हणे, व्हीआयपीत.

तिथं रिक्षाला ‘बजाजी’ म्हणतात. आपल्या आकुर्डीवाल्यांचं नावच स्वाहिलीत रिक्षाला चिकटलंय. मी ज्या बजाजीत बसलो तिचा ड्रायव्हर यांगाचा कट्टर. तिथं दोन क्लब, यांगा हिरवे-पिवळे आणि सिंबा लाल, आणि माणूस जन्माला येतो तो यातल्या एकाचाच म्हणून येतो. त्याने मला सोडलं, बजाजी एका टायरवाल्याच्या दुकानासमोर लावली, चाकाला साखळी घातली आणि माझ्याबरोबर आत आला. म्हणाला, आज धंदा नाही.

आता गंमत ऐका. सामना दारमध्ये, पण एव्हर्टनसमोर दारचा संघच नाही! जूनमध्ये एक छोटी स्पर्धा झाली होती, जो जिंकेल तो एव्हर्टनशी खेळणार. सिंबा आणि यांगा दोघंही आधीच गारद. फायनलला नैरोबीचेच दोन संघ, गोर माहिया आणि एएफसी लेपर्ड्स. गोर माहिया 3-0 ने जिंकलं. म्हणजे मांडव दारकरांचा आणि नवरदेव केनियाचा. हा यांगावाला त्या रागापायी एव्हर्टनच्या बाजूने बसला होता. निळा शर्ट नव्हता त्याच्याकडे, म्हणून आरसा पुसायचं निळं फडकं गळ्याला बांधून आलेला.

रूनीला एव्हर्टनने परत घेतलं 9 जुलैला, म्हणजे सामन्याच्या चारच दिवस आधी. तोपर्यंत दारमध्ये तिकिटांचा फार गाजावाजा नव्हता. रविवारी बातमी आली आणि सोमवारी आमचा शिपाईसुद्धा तिकीट विचारायला लागला. रूनीने पहिल्या हाफात तीसेक यार्डांवरून मारला तो हाच गोल, क्लिपमधला. पण क्लिपमध्ये एक गोष्ट येत नाही. चेंडू पायातून सुटला तेव्हा लोक ओरडले नाहीत. हसले. एवढ्या लांबून मारतोय, पिकनिकला आलाय म्हणून. आणि तो आत गेल्यावर एक क्षण सगळं गप्प, आणि मग असा आवाज की शेजारच्याचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द नाही. त्याच सामन्यात एक पोरगा धावत मैदानात शिरला आणि रूनीला मिठी मारली. मिठी मारून झाल्यावरच तो पोलिसांच्या हाती लागला.

मग मध्यंतराच्या आत गोर माहियाच्या तुयिसेंगेने हेडरने बरोबरी केली. हा रुवांडाचा. दुसऱ्या हाफात रूनी आलाच नाही, जवळजवळ सगळा संघच बदललेला. शेवटी शेवटी कीरन डाउएल नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने दुसरा गोल मारला, 2-1.

आता तुमचा प्रश्न, जातात कशाला. उत्तर दोन्ही शर्टांवर छापलेलं होतं. एव्हर्टनच्या छातीवर आणि गोर माहियाच्या छातीवर एकच नाव: स्पोर्टपेसा. केनियात सुरू झालेली सट्ट्याची कंपनी. त्या मोसमापासून ती एव्हर्टनची मुख्य प्रायोजक झाली आणि लगेच जुलैत एव्हर्टन दारमध्ये. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा क्लब टांझानियात खेळायची ती पहिलीच वेळ. आपल्याकडे दुकानाच्या उद्घाटनाला मालिकेतली नटी आणतात, तसंच हे, फक्त बावीस जणांचं. त्यांना फुटबॉलची तळमळ नव्हती असं नाही, पण विमानाचं भाडं तळमळीतून निघत नाही.

आणि प्रायोजक गेला की दौराही गेला. 2019 च्या जुलैत एव्हर्टन नैरोबीला आलं, कारिओबांगी शार्क्सबरोबर 1-1 बरोबरी आणि पेनल्टीवर चक्क हरलं. त्याच महिन्यात केनिया सरकारशी कर आणि परवान्यावरून वाद होऊन कंपनीचा तिथला परवाना अडकला. कंपनीने केनियातल्या क्लबांचे पैसे थांबवले, गोर माहियाचेसुद्धा. पुढच्या वर्षी एव्हर्टनचा करारही मुदतीआधीच संपला. मग कुठला दार आणि कुठलं नैरोबी. म्हणून ‘नियमाने जातात का’ याचं उत्तर: करार चालू असेतोवर नियमाने.

दक्षिण आफ्रिकेत हेच एका मोबाइल कंपनीने केलं. व्होडाकॉम चॅलेंज म्हणून स्पर्धा होती, मँचेस्टर युनायटेड 2006 आणि 2008 ला तिच्यासाठी आलं. 2008 ला तर तिथलं आटोपून नायजेरियात अबुजाला गेले आणि पोर्ट्समथबरोबर खेळले. दोन इंग्लिश संघ, मैदान नायजेरियाचं. पोर्ट्समथकडे तेव्हा कानू होता, तिथला देवच.

आता जुलैच का आणि आफ्रिकाच का, यात हवेचा आणि घड्याळाचा भाग आहे, तो कुणी सांगत नाही. इंग्लंडचा मोसम ऑगस्टमध्ये सुरू. खेळाडू जुलैच्या सुरुवातीला सुट्टीवरून परततात, अंगावर सुट्टीचं चढलेलं असतं. सामने हवेत, पण कुणी मोडायला नको. दारमध्ये जुलै म्हणजे कोरडा आणि त्यातल्या त्यात थंड महिना, मी सकाळी चक्क हाफ स्वेटर घालायचो. जोहान्सबर्गला तर हिवाळाच. घड्याळ बघा: उन्हाळ्यात इंग्लंड आणि दार यांच्यात दोन तासांचा फरक, दक्षिण आफ्रिकेशी फक्त एका तासाचा. रात्री विमानात झोपायचं, सकाळी सरावाला. अमेरिकेला किंवा सिंगापूरला गेलं की पोरं चार दिवस रात्री दोनला टक्क जागी. एव्हर्टनला 27 जुलैला युरोपा लीगची पात्रता फेरी होती, झोप घालवायला वेळ कुठे होता.

आणि आपल्याकडे जुलै म्हणजे काय हे वरती उथळसरच्या बाबूंनी सांगितलंच आहे. नुसत्या जुलैत मुंबईत 800 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो.

सामन्याचा निकाल मात्र मनावर घेऊ नका, हे चिरंजिवांना खास सांगा. 2013 ला मँचेस्टर सिटी दक्षिण आफ्रिकेत गेली आणि दोन्ही सामने हरली, सुपरस्पोर्ट युनायटेडकडून 2-0, अमाझुलूकडून 2-1. पुढच्या मे महिन्यात तीच सिटी लीग जिंकली. आणि आमच्या दारला जिंकून गेलेल्या एव्हर्टनचे प्रशिक्षक कूमनसाहेब यांना ऑक्टोबरात नारळ मिळाला.

भावाकडे जरूर जा. पण क्लब येईल या भरवशावर नको, मिस्टरांचं बरोबर आहे. पिवळ्या तापाची लस लागते का ते आधी विचारून घ्या, लागत असेल तर जाण्याच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्या, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवू शकतात. आणि मुलाला फुटबॉलच बघायचा असेल तर ऑगस्टच्या सुमाराला सिंबा डे असतो, तारीख भावाला विचारून घ्या. नवा संघ लोकांसमोर आणतात, दिवसभर गाणी-बजावणी, मग सामना. रूनी नसतो, पण लोक रूनीवेळेपेक्षा जास्त घसा फोडतात.

---

कळवा_लेफ्टबॅक

दादा, लिहिलंय झकास, पण पावसाचं पटलं नाही. 2018 च्या जुलैत स्पेनचं जिरोना कोचीत येऊन खेळून गेलं. कोचीत जुलैत ऊन पडतं का? ऑस्ट्रेलियाची मेलबर्न सिटीपण होती. कोचीच्या केरळा ब्लास्टर्सला एकाने सहा घातले, दुसऱ्याने पाच. पाऊस आडवा आला नाही, पैसे देणारा होता.

आणि आले नाहीत असं तरी कुठंय. पुण्यात इंग्लंडचं ब्लॅकबर्न रोव्हर्स आलं होतं, 7 ऑक्टोबर 2011, बालेवाडीला. मी होतो! पुण्यातल्या कोंबडीवाल्यांनी आदल्या वर्षी अख्खा क्लबच विकत घेतला होता, ही गोष्ट आत्ताच्या पोरांना खरी वाटत नाही. आम्ही तिघं ठाण्याहून सकाळच्या इंद्रायणीने उभ्याने गेलो. पुणे एफसीला 3-0 ने हरवलं. मालकांच्या गावी आलेले पाहुणे, दुसरं काय. नंतर त्याच खेळाडूंची ड्रेसिंग रूममध्ये बसून तंगडी खातानाची जाहिरात आली आणि पुढच्या मे महिन्यात क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. मी तंगडीला दोष देत नाही.

ताई, एक सांगायचं राहिलं. ‘युरोपियन क्लब येतोय’ म्हणून कुणी मुलाची फी मागितली तर आधी थांबा. माझ्या पुतण्याला इथल्याच एका टर्फवर ‘परदेशी क्लबची ट्रायल’ म्हणून बोलावलं होतं, सहा हजार घेतले. परदेशी कोच आला नाही, त्याच्या सहीचं सर्टिफिकेट आलं. सहीच्या खालचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. माझ्या भावाने ते लॅमिनेट करून ठेवलंय, पुढच्या वेळी वहिनीने ऐकावं म्हणून.

---

दारेसलाम_रिटर्न

कोचीचं मान्य. पाऊस हे कारण अर्धंच होतं, मी ते पुरं म्हणून खपवलं. ऐरोलीत राहून जुलैत गटार तुंबलेलं बघितलं की माणूस सगळ्याचं खापर पावसावर फोडतो.

पण मग आणखी एक बघा. बायर्न म्युनिक आपल्याकडे आलं ते 10 जानेवारी 2012 ला, दिल्लीत, भायचुंग भुतियाच्या निरोपाच्या सामन्यात, भारताला 4-0. जानेवारी का? जर्मन लीगला हिवाळ्यात मोठी सुट्टी असते. ते दोहाला सरावाला गेले होते आणि तिथून दिल्लीला वळले. इंग्लंडवाले नाताळात उलट जास्तच खेळतात, त्यांना जानेवारीत फुरसत नाही. म्हणजे नेरूळला कुणी यायचंच तर माझा पैसा जर्मनांवर, आणि आपल्याकडे हवाही तेव्हाच झकास असते. प्रश्न उरतो तो मैदान मोकळं असण्याचा आणि छातीवर कुणाचं नाव छापायचं याचा.

ट्रायलचं वाचून वाईट वाटलं. दारमध्येही असले महाभाग होते, तिथं इंग्लंडऐवजी बेल्जियमचं नाव सांगायचे.

---

सीवूड्सची_आई

सगळ्यांचे आभार. मी हे सगळं जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा ‘मिस्टरांचं बरोबर आहे’ एवढंच दोनदा वाचायला लावतोय. भावालाही पाठवलं. तो म्हणतो सिंबा डेला नेतो, पण तो स्वतः आता यांगाचा झालाय म्हणून तोंड लपवून येईल. तिकिटं ऑगस्टची बघतोय.

खालचं लेकाने टाइप केलंय, मी फक्त शुद्धलेखन बघितलं:

काका, तो बजाजीवाला एव्हर्टनच्या बाजूने होता ना? मग गोर माहियाने गोल मारल्यावर त्याने काय केलं? आणि माली हरल्यावर मला जसं वाटलं तसं तिथं कुणाला वाटलं का?

---

दारेसलाम_रिटर्न

बाळा, बरं झालं विचारलंस, तेच लिहायचं राहिलं होतं.

तुयिसेंगेचा हेडर आत गेला आणि आमच्या रांगेत सगळ्यात आधी तोच उठला. उठून माझ्या खांद्यावर अशी थाप मारली की माझ्या हातातला शेंगदाण्याचा कागद पुढच्याच्या डोक्यावर रिकामा झाला. मग त्याच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. खाली बसला, गळ्यातलं निळं फडकं सोडलं, घडी घातली आणि खिशात टाकलं. मी काही विचारलं नाही. तो आपणहून म्हणाला, “केनियाचे असले म्हणून काय.” एवढंच.

दुसऱ्या हाफात तो केनियाच्या हिरव्या शर्टवाल्यांसारखंच ओरडत होता. डाउएलचा गोल झाल्यावर मात्र गप्प. तुझ्यासारखाच, बजाजीपर्यंत बोलला नाही.

टायरवाल्याकडून साखळी सोडताना त्याने मला विचारलं, तू मुंबईचा ना, तिकडे कोण आलं होतं? मला तेव्हा ब्लॅकबर्नच आठवलं. मी म्हटलं, आमच्या जवळच्या गावी ब्लॅकबर्न. त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, कोण?

त्या दिवशी त्याने माझ्याकडून भाडं घेतलं नाही.